सुतकातली पालखी

मंगळवार, ९ सप्टें.
आबा गेले. पहाटे पुण्याहून धाकट्या दिरांचा फोन. नितीन इथून जपानातून पोचेपर्यंत थांबणार कोण? अग्नी दिरांनीच दिला, आम्ही मोबाइलवर पाहिलं. सासरे गेले आणि मोकळं रडायचीही सोय नाही, ओजिमातल्या या फ्लॅटच्या भिंती म्हणजे कागद. नि. बाथरूममध्ये नळ सोडून रडला.
लेकीला, इराला, सोमवारपर्यंत सांगायचं नाही असं ठरलं. रविवारी वस्तीतल्या देवाची जत्रा. दोन वर्षं शाळेत तिच्याशी कुणी धड बोलत नव्हतं, यंदा कुठे पोरांच्या पालखीत घेतलंय.
म्हटलं, अरे, सुतक आहे.
"इथला देव आपला आहे का?"


बुधवार, १०
इराने आज आबांना कॉल लावायचा हट्ट केला नाही. सुटले बाई.

गुरुवार, ११
पालखीची तालीम. सातो-सान आजी सगळं बघतात. एकेका पोरासमोर वाकून काहीतरी विचारत होत्या, चेहरा अगदी गंभीर. माझं जपानी कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानात दूध-ब्रेड घेण्यापुरतं.
"काय म्हणतायत गं?"
"घरी सगळे बरे आहेत ना, विचारतायत."
मीही शहाणी, हसून "हाय, हाय", म्हणजे हो, हो, केलं. आजींनी इराच्या कपाळाला पट्टी बांधली.

रविवार, १४
"वाश्शोई! वाश्शोई!" पोरांच्या आरोळ्यांनी गल्ली दणाणली. उकाडा मरणाचा. इरा पुढच्या रांगेत, शेजारी तिची मैत्रीण मिओ. दोघी खिदळत होत्या. पोर हसतेय आणि मला तिचाच राग आला. तिचा काय दोष! पण आला खरा. नि. व्हिडिओ काढत होता, मध्येच थांबला. आबांना पाठवायची सवय. खिशात फोन टाकून पाणी आणायला म्हणून गेला तो बराच वेळ आलाच नाही.

सोमवार, १५
सांगितलं. रडली नाही.
"मला माहितीये. बाबा 'आबा, आबा' करत रडत होते ते ऐकलं."
मंगळवारपासून! मग बोलली का नाहीस?
तेव्हा तिच्याच तोंडून कळलं सातो-सान काय विचारत होत्या. घरात कुणी गेलेलं नाही ना? गेलं असेल तर यंदा पालखीला हात लावायचा नाही. म्हणजे यांच्यातही सुतक पाळतात! आणि आम्ही दोघं स्वतःला फार हुशार समजत होतो.
"मी खोटं सांगितलं, आई. पण तुम्ही पण सांगत नव्हता ना."
नि. उठून गॅलरीत गेला. 

बुधवार, १७
धड जेवत नाही. रात्री कुशीत आली, म्हणाली, "देव चिडला असेल. आता पुण्याच्या आजीला काही होईल?" नाही गं बाळा, काही होत नाही. पटलं नाही तिला. मला तरी कुठे पटलंय?

शनिवार, २०
सकाळपासून एकच धोशा, सातो-सानकडे जाऊन खरं सांगायचं. नि. भडकला. "गप्प बसा. पुढच्या वर्षी कोण उभं करील तिला? मिओची आई तरी बोलू देईल का?" त्याचंही खोटं नाही. आधीच आपण उपरे.
मीच जाऊन सांगितलं असतं, सगळं माझ्या अंगावर घेतलं असतं. पण तेवढं जपानी कुठून आणू? मी चूक कबूल करायची, तरी ती जपानीत सांगणार इराच. नऊ वर्षांची पोर.
बूट घालून दारात बसलीये. "आई, चल ना." नि. सोफ्यावर, तोंड भिंतीकडे. माझी ओढणी सापडत नाहीये. की मीच शोधत नाहीये?