चौथी ढाल टिकली

तीर्थरूप आत्या,

दोन्ही हात जोडून, आणि जरा मागे सरकून नमस्कार. गुडघा कसा आहे? लेकाच्या घरी करमतंय ना? करमत असेल तर सावकाश ये, इकडची घाई अजिबात करू नकोस. पॉलिशसाठी माझ्याकडे ठेवलेल्या टेबलाचं तू विचारलंस. त्यावर बरंच काम झालंय.

आम्ही खुशाल, म्हणजे मी अजून आहे. आमच्या नाटक कंपनीने युद्धाचं नाटक बसवलं आणि त्याचं सगळं सामान नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात पडलं. दिग्दर्शकाच्या डोक्यात आलं की सेनापतीच्या ढालीत खराखुरा बाण घुसलेला प्रेक्षकांना दिसला पाहिजे. सेनापती झालेल्या नटाने तत्काळ अंग काढून घेतलं. (एरवी हाच गृहस्थ मरायच्या प्रवेशात टाळ्या संपेपर्यंत मरत राहतो.) तेव्हा दिग्दर्शकाने फर्मान काढलं की बाणाच्या प्रवेशापुरता, ज्याने ढाल केली तोच सेनापतीचा टोप घालून तिच्यामागे उभा राहील. माझी बायको खूप हसली. मला काही हसू आलं नाही.

मग जिवाच्या भीतीने मी असा कामाला लागलो की तू ओळखलं नसतंस. एक ढाल चामड्याची, एक वेताची, एक पत्र्याची. धनुष्यंही जमवली: आमच्या गोदामातलं बांबूचं, जुन्या वस्तू विकणाऱ्याकडचं शिंगाचं आणि शाळेतल्या खेळाच्या बाईंचं, दोन्ही टोकांना चाकांसारख्या कप्प्या लावलेलं. नेम धरायला बाई स्वतःच आल्या. (प्रयोगातही बाण त्याच मारणार होत्या. त्यांचा नेम चुकत नाही, म्हणजे तीही आशा नाही.) मी ढाली गोदामाच्या भिंतीवर खिळे ठोकून पक्क्या बसवल्या. बांबूच्या धनुष्याचा बाण ढालीला टेकला आणि शरमून खाली पडला. शिंगाच्याने चामडं फोडलं. कप्प्यांच्याचा तर पत्र्यातून आरपार जाऊन भिंतीत असा रुतला की निघता निघेना, आता आम्ही त्यावर छत्र्या टांगतो. वेताच्या ढालीबद्दल न बोललेलंच बरं.

माझा चेहरा बघून बायको म्हणाली, "अहो, ढाल भिंतीला ठोकून कोण लढतं? हातातली ढाल धक्क्याने मागे जाते. जरा सैल टांगा की!" हे मला का सुचलं नाही, ते विचारू नकोस. शिंप्याकडचा कपडे अडकवायचा पुतळा आणला, त्याला माझा सदरा घातला आणि ढाल दोरीने त्याच्यापुढे सैल टांगली. चामड्याच्या ढालीने शिंगाचा बाण चक्क अडवला! मी बाईंसमोर नाचलो. मग बाईंनी कप्प्यांचं धनुष्य उचललं. सदऱ्याला आता खिशाच्या जागी भोक आहे.

घरी येऊन सुन्न बसलो होतो, तेवढ्यात समोर एक गोष्ट दिसली. गोल, जाड, जुन्या लाकडाची, कडेला पितळेची पट्टी. मी उठलो, मागच्या बाजूला मूठ बसवली आणि ही चौथी ढाल गोदामात नेऊन पुतळ्यापुढे टांगली. बाईंनी तिन्ही धनुष्यांनी दातओठ खाऊन बाण मारले. कप्प्यांच्या धनुष्याचा बाण बोटभर रुतला आणि थरथरत राहिला, पण पलीकडे टोकसुद्धा आलं नाही. आत्या, खरं सांगतो, मला रडू आलं. काल पहिला प्रयोग झाला. मी डोळे मिटून ढालीमागे उभा होतो आणि लहानपणी बाबा रागावले की तुझ्या पाठीमागे लपायचो, तसंच वाटत होतं. बाण लागला, टाळ्या पडल्या, आणि मी तुला पत्र लिहायला शिल्लक राहिलो.

घरच्या सगळ्यांना मी विचारलंय म्हणून सांग. गुडघ्याला जप आणि हे पत्र बसूनच वाच (हे सुरुवातीला लिहायला हवं होतं).

तुझा एकुलता एक भाचा

ता. क. टेबलाचे पाय मात्र फार सुंदर पॉलिश केलेत. तोंड दिसतं त्यात.

आणखी एक ता. क. वरच्या भागावर गरम कप कुणीही ठेवलेला नाही, शपथ घेऊन सांगतो.

शेवटचा ता. क. दिग्दर्शक इतका खूश आहे की पुढच्या प्रयोगापासून खलनायकाच्या ढालीतही बाण हवाय. तो नटही मागे सरला, म्हणजे तिथेही मीच. एका ढालीत दोन्हीकडचे बाण घुसलेले दिसून चालणार नाही म्हणे. जोडीतलं दुसरं टेबल तुझ्या खोलीत आहे आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे. त्यांना तेवढा फोन कर. फोन केलास तर भाचा वाचेल, नाही केलास तर टेबल वाचेल. यावर तू विचार करायला वेळ मागू नयेस, एवढीच माझी इच्छा आहे.