तेरा वर्षांचा शोध

१२ जून २०१७, डहाणू
बँकेची नोटीस आली. तीन पानं, तिन्हीकडे माझं आडनाव वेगवेगळं. तलासरीची जमीन गहाण घेऊन बर्फाच्या कारखान्याला कर्ज दिलं, मालक पळाला. बँकेचे लोक ताबा घ्यायला गेले तर एका वारली बाईने हाकललं. जमीन मूळ तिच्या बापाची म्हणे. 'टायटल क्लिअर', मालकीत अडचण नाही, असा रिपोर्ट बँकेची वकील म्हणून मी दिला, म्हणून नुकसान माझ्या बोडक्यावर. बाकी सगळे हात झटकून मोकळे!

१३ जून
मॅनेजर साठेंना फोन. "मॅडम, वरून प्रेशर आहे."
तेव्हाही वरूनच होतं. मार्चअखेर, दिवसात चार फोन, रिपोर्ट आजच हवा. जुन्या नोंदींचा शोधसुद्धा तेराच वर्षांचा मागितला होता. बँकेचं तसं पत्र आहे माझ्याकडे.

१५ जून
नाईकसरांकडे. वकिली यांच्याच हाताखाली शिकले. पत्र बघून खूश.
"चूक वेगळी, लबाडी वेगळी. गुन्हा होत नाही. भरपाईही सोपवलेल्या कामापुरतीच. तेरा म्हणजे तेरा. फार तर बँकेच्या वकिलांच्या पॅनलवरून काढतील."
मग म्हणाले, "त्याआधीचं काही ठाऊक नव्हतं ना?"
"नाही," म्हटलं.

१६ जून
ठाऊक नव्हतं, पण... सातबाऱ्यावर जुन्या फेरफाराचा, मालकी बदलल्याच्या नोंदीचा, नंबर होता. पाहिला होता. तलाठी म्हणाला, दप्तर तालुक्याला गेलंय, परवा या. परवा कोण जातंय! सही ठोकली.

२१ जून, तलासरी
तहसील कचेरीत तिसरी खेप. आधी क्लार्क रजेवर, मग किल्ली गायब. आज मिळाला फेरफार, वीस वर्षांपूर्वीचा. विकणारा त्या बाईचा बाप, आदिवासी; घेणारा शेठ, कलेक्टरची परवानगी नाही. म्हणजे व्यवहारच बेकायदा. वाचायला दोन मिनिटं. दोन! नक्कल घेतली.
बाहेर नोटिशीतली तीच बाई, जानकी वरठा. जमीन परत मिळावी म्हणून तहसीलदारांकडे अर्ज केलाय. नक्कल मागून मागून थकली. मी कोण ते सांगितलं.
"तू वकील ना? मंग वाचला का नाय?"
एस.टी. आली, चढले.

२४ जून
नाईकसर संतापले. "नक्कल तिला दिलीस तर तुझ्या चुकीची कबुलीच झाली. पत्राचा काही उपयोग राहणार नाही. आणि बँकांच्या काळ्या यादीत नाव गेलं की जन्मभर काम नाही. तिचं तू काही देणं लागत नाहीस."
कायद्याने बरोबर. माझी जबाबदारी बँकेला. बँकेच्या कागदावर जानकी कुठे आहे?
दिवसभर सगळ्यांवर खेकसले.

४ जुलै, तलासरी
जानकीच्या अर्जाची सुनावणी. साठे बँकेतर्फे, माझ्याकडे बघून हसले. त्यांना वाटलं, मी त्यांच्या बाजूने.
तहसीलदारांनी जानकीला विचारलं, "पुरावा?" तिने अर्जच पुन्हा पुढे केला.
मी उठून नक्कल टेबलावर ठेवली. साठे ओरडले, "मॅडम, हे काय?"
तहसीलदार म्हणाले, "तुम्ही कुणातर्फे?"
सांगितलं, "रिपोर्टवर सही माझी आहे."
नक्कल दाखल झाली. पुढची तारीख पडली. जानकीने तारीख दोनदा विचारून घेतली. नाईकसर फोन उचलत नाहीयेत.