बटाटा, पेरू आणि रंभाआत्यांचे वाटे

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
शुक्रवार

ती. रंभाआत्यांना कीर्तीचा नमस्कार, आणि तोही मोबाइलवरचा नव्हे, पेनाने लिहिलेला. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? करंज्याहून इथवर दोन गाड्या बदलून आलात, त्यानंतर तो सुजला असं कळलं. चष्म्याची नवी काच मानवली असेल तर हे पत्र तुम्ही स्वतःच वाचा. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे.

पत्राचं कारण एवढंच की तुमचं कौतुक तोंडावर करायचं राहून गेलं. आमच्या मनस्वीला सहावीपासून त्या निवासी शाळेत जायचं आहे (इच्छा तिची आहे की मी तिच्यात पेरलेली, यावर माझ्या डायरीची चार पानं खर्च झाली, निर्णय झालेला नाही), आणि प्रवेश परीक्षेतल्या बुद्धिमत्ता चाचणीवर सगळं अडलं आहे. गणित तिला येतं. अडते ती ‘गटात न बसणारा शब्द ओळखा’ इथे. आंबा, केळं, पेरू, बटाटा. कोणीही बटाटा म्हणेल. मनस्वी म्हणते, केळंच तेवढं नुसत्या हाताने सोलता येतं, पेरूच तेवढा बियांसकट खातात, आंबाच तेवढा वर्षभर मिळत नाही, आणि बटाटा तर इतका सोपा आहे की त्यात नक्की काहीतरी फसवणूक असणार. एवढ्यात वेळ संपते. क्लासच्या कृष्णकांत सरांनी पन्नासपैकी एकतीस गुण दाखवले तेव्हा न्यायाने वागावं म्हणून मी स्वतः घड्याळ लावून तोच पेपर सोडवला. मला एकोणतीस पडले. (त्या पेपरावर पालक म्हणून सहीसुद्धा मीच केली.)

अशात तुम्ही टोपलीभर मिसळ मासळी घेऊन आलात. मी कपाळाला आठी घातली, हे तुम्ही पाहिलंत हे मी पाहिलं. तरी तुम्ही गॅलरीत वर्तमानपत्र पसरून मनस्वीला बाजारात मांडता तसे मासळीचे वाटे लावायला बसवलंत. तिने आकाराप्रमाणे लावले, तुम्ही मोडलेत. तिने जातीप्रमाणे लावले, मांदेली इथे, बोंबील तिथे, तेही मोडलेत. ती रडकुंडीला आली तेव्हा म्हणालात, “अगो, लावतेस कुनासाठी? गिऱ्हाईक कोन हाय?” घरात लहान पोर असलेली बाई बिनकाट्याची कोळंबी बघणार, खानावळवाल्याला सगळे नग सारखे हवेत. वाटे सगळेच बरोबर, पण समोर उभं कोण आहे ते आधी बघायचं. मग मनस्वीने बटाट्याचा प्रश्न घातला, तर तुम्ही हात न थांबवता म्हणालात, “पेपर काढनारा पन गिऱ्हाईकच ना? त्याला काय पायजे ते वळख. तुला काय म्हाईत हाय ते नंतर सांग त्याला.”

आत्या, दुसऱ्या दिवशी तिला सेहेचाळीस गुण पडले. एम.ए.ला दोन वर्षं तर्कशास्त्र शिकूनही मला जे सांगता आलं नाही, ते तुम्ही बोंबील हातात धरून सांगितलंत. (हे मुलीला खरं सोडून समोरच्याला हवं ते बोलायला शिकवणं तर नाही ना, असा प्रश्न मी अविनाशला विचारला. तुमचा भाचा म्हणाला, “जेवायला काय आहे?” म्हणजे विषय संपला.) सरांनी मला विचारलं, ही पद्धत कोणाची? मी नुसती हसले. ते हसणं खोटं होतं. सोमवारी जाऊन तुमचं नाव सांगून आले.

घरी सगळ्यांना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमची,
कीर्ती

ता. क. – पत्र इथेच संपणार होतं, पण काल मनस्वी पुन्हा घसरली, तेहेतीसच पडले. तुम्ही गेल्यावर मी भाजीचे वाटे लावून पाहिले. तिने विचारलं, गिऱ्हाईक कोण? मी म्हटलं, कोणीही असू दे गं. मग पेपरातही तिने चारही उत्तरं बरोबर ठरवली. परीक्षा या रविवारी आहे. तुम्ही परीक्षेपर्यंत राहणार होतात आणि गेल्या शनिवारीच गेलात, कारण मी म्हणाले होते की अभ्यासाच्या वेळी घरात माशांचा वास नको. ते वाक्य मी परत घेते. उद्या या. टोपली घेऊन या.

आणखी ता. क. – मनस्वीने पत्र वाचलं. म्हणाली, आधी कौतुक, मग चूक, मग मागणी. आईने वाटा बरा लावला आहे, पण गिऱ्हाईक नीट बघितलं नाही. गिऱ्हाइकाचा गुडघा दुखतो हे सुरुवातीलाच लिहायचं आणि शेवटी ‘या’ म्हणायचं, याला मार्क नाहीत. तेव्हा पत्र पोस्टाने येत नाही, अविनाशच घेऊन येतो आहे. उद्या सकाळी आठला तो गाडीसह तुमच्या दारात असेल. पुढची सीट तुमची, मागची टोपलीची.