वटवाघळं आणि मारुती

१२ मे
सोसायटीच्या फाटकासमोरच्या वडावर लाल फुली. रस्ता रुंद होणार म्हणे. संस्थानच्या काळातलं झाड, वर वटवाघळांची अख्खी वस्ती. महापालिकेच्या ऑफिसात जाऊन भांडले. साहेब हसला, "बेन, वागोळ छे, वाघ थोडा छे?" वटवाघळंच ती, वाघ थोडेच, म्हणे. आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं ते हे ऐकायला!

१५ मे
सह्या मागत आमच्या या समा भागात घरोघर फिरले. शेजारच्या ज्योत्स्नाबेन सोडून कोणी देईना. "वागोळ अपशुकन कहेवाय." शिवाय घाण, वास. पेपरातून डोकंही वर न काढता हे म्हणाले, "दगडाला शेंदूर फास नि ठेव खाली. वाचेल झाड." संतापले.

१६ मे
ठेवला. बोटं अजून लाल. लाज वाटते.

१९ मे
माणसं करवत घेऊन आली आणि नमस्कार करून गेली. मुकादम म्हणाला, "हवे कोण कापे?" आता कापायची कोणाची छाती! माझ्या सगळ्या अर्ज-विनंत्या एकीकडे, आणि... जाऊ दे.

८ जुलै
ओटा झाला, फरशी झाली. शनिवारी तेलाला रांग. आता दोन हॅलोजन, थेट फांद्यांवर रोखलेले. त्या बाजूची वटवाघळं उठून गेली. पुजाऱ्याला रात्री दिवे मालव म्हटलं, तर "माजी, भगवानने अंधारामां राखवाना?" हा देव मी आणला, हे सांगायचीही सोय नाही. हे नुसते हसतात.

११ जुलै
न राहवून ज्यो.बेनना खरं सांगून टाकलं. त्या रोज हवेलीत, म्हणजे त्यांच्या कृष्णमंदिरात, दर्शनाला जाणाऱ्या. वाटलं, आता बोलणं बंद. तर म्हणाल्या, "तमारा हनुमानजी सूए क्यारे?" हवेलीत ठाकोरजींची निजायची वेळ ठरलेली, ते निजले की दिवे मालवतात. मला कसं सुचलं नाही! दोघी तडक पुजाऱ्याकडे. देवाला रोजचं जागरण घडवतोस म्हटल्यावर त्याने कान पकडले.

१४ जुलै
आरती, पडदा, दिवे बंद. निजला एकदाचा.

२ ऑगस्ट
थोडी वटवाघळं परतली. बरं वाटतंय तोच देवळाच्या कमिटीचा नवा ठराव: मारुतीवर घुमट. मधली मोठी फांदी आड येते, तोडू. देवासाठी तोडलं तर पाप नाही! सभेत मी रागाने उभी राहिले. तेवढ्यात ज्यो.बेन शांतपणे म्हणाल्या, "हनुमानजी मारा सपनामां आव्या हता. छापरानी ना पाडे छे." देवालाच छप्पर नको! सगळे गार. ठराव पुढे ढकलला, फेटाळलेला नाही.
जिन्यात विचारलं, खरंच आले होते?
"ना. पण हवे रोज आवशे."