आईच्या हुकाला लटकवलेली बॅग

दादा,

तुझी ती बॉक्सिंगची बॅग मी उतरवून दाराशी ठेवली आहे. आईला जाऊन महिना झाला नाही आणि तिची खोली तुझी व्यायामशाळा झाली. तो हुक नुसत्या प्लास्टरच्या फॉल्स सीलिंगमध्ये बसवलेला आहे. त्यावर फक्त तिच्या हाताच्या व्यायामाची दोरी असायची. त्या हाताला शेवटी वजन असं उरलंच नव्हतं. तू तिचा हात कधी हातात घेतला असतास, तर तुला कळलं असतं. हुकाभोवती आता बोटभर भेग पडली आहे. तू व्यायामासाठी आईचा पलंग भिंतीशी सरकवतोस, पण झोपताना बाबा तो परत जागेवर ओढतात, म्हणजे बरोबर बॅगेखाली.

लटकवायचीच असेल तर गॅलरीत लटकव. तिथे वर थेट स्लॅब आहे. मिस्त्रीकडून जाड अँकर बोल्ट बसवून घे आणि आधी स्वतः लोंबकळून बघ.

आईची दोरी मला कचऱ्याच्या डब्यात सापडली, कांद्याच्या सालींखाली. किळस आली, आणि ती सालींची नव्हती. दोरी धुऊन वाळत घातली आहे. बाबा सकाळपासून तीच शोधत होते. त्यांना मी सांगितलंय, दादाने जपून ठेवली होती. तेवढं खोटं निभाव.