ढिल्लोंजींचं बीपी

चि. नेत्रा,

रोज सकाळी तुला बीपीच्या मशीनचा फोटो पाठवतो ना, त्यातले ते १२०/८० च्या आसपासचे आकडे शेजारच्या ढिल्लोंजींचे असतात. खरं कळलं, तर चंडीगढचं घर बंद करून तू मला पुण्याला नेशील, ही भीती. काल ढिल्लोंजींनी पट्टा माझ्यापुढे टाकला. "बस जी, अब अपनी बाँह."

मग तू सांगतेस तसं केलं. पाठ टेकली, पाय जमिनीवर ठेवले, पाच मिनिटं गप्प बसलो. १६८/१०२. आज पुन्हा मोजलं, १६६/१००. आता 'जिना चढून आलो म्हणून वाढलं' असं म्हणता येणार नाही. उद्याच डॉक्टरांकडे जातो. गोळी दिली तर रोज घेईन, पण राहीन इथेच.

हे पत्र पाठवत नाही. आजच्या माझ्या आकड्यांचा फोटोच पाठवतो. त्यात माझं मनगटही घेतलंय, तुझ्या आईनं दिलेल्या घड्याळासकट.

तुझा हट्टी,
बाबा