नियम जुन्या डेटाबेसातच राहिले

१ डिसेंबर, सोमवार. जळगाव.
धुळ्याच्या वधू-वर मंडळाचं सॉफ्टवेअर नव्या डेटाबेसवर न्यायचंय. मेळावा चौदाला, मोठ्या पडद्यावर. ऑफिसातली ज्युनियर सारिका म्हणते, कोणाची माहिती कोणाला दाखवायची हे नियम जुन्या डेटाबेसच्या क्वेरींत, म्हणजे माहिती मागवायच्या आज्ञांत, कोंबलेत. डेटाबेस बदलला की ते मागेच राहतील. आधी बाहेर काढून वेगळ्या थरात ठेवू. मला माहीत होतंच. आर्किटेक्चर तिला मीच शिकवलं. निश्चय: उद्यापासून रोज एक नियम.

४ डिसेंबर
फळ्यावर आकृती काढली. वर डोमेन, म्हणजे नियम, खाली डेटा, मध्ये जाड रेघ. छान आली. स्टेटसला टाकली. चाळीसगावच्या मेव्हण्याने अंगठा दिला. तो खतं विकतो, पण समजलं असावं.

८ डिसेंबर
'डोमेन' नावाचं फोल्डर केलं. सारिकाने विचारलं, आत काय आहे? म्हटलं, पाया. फोल्डर रिकामं आहे, पण तत्त्वतः नियम वेगळे झालेच.

११ डिसेंबर
मित्राच्या मळ्यात भरीत पार्टी. सारिकाचा मेसेज: नियमांचं काय झालं? कळवलं, डोक्यात आहेत.

१३ डिसेंबर
डेटाबेस हलवला. सगळी स्थळं नीट आली. एकही एरर नाही. नियम मेळाव्यानंतर बघू. चालत्या गोष्टीत उगाच हात घालू नये.

१४ डिसेंबर, रविवार. धुळे.
लिहावंसं वाटत नाही.
कार्यालय भरलेलं. पहिल्याच मुलीला पडद्याने तिचा सख्खा भाऊ सुचवला. लोक हसले. मीही हसलो. म्हटलं, नेट स्लो आहे.
मग उषाताईंचं स्थळ आलं. पिंपळनेरच्या शिक्षिका. नोंदणी करतानाच त्यांनी सांगितलं होतं, माझ्या होकाराशिवाय माहिती कोणाला दाखवू नका. पडद्यावर फोटो, मोबाईल नंबर आणि खाली घटस्फोटाचं कारण, पूर्ण. त्या वडिलांसोबत समोरच बसल्या होत्या. या वेळी कोणी हसलं नाही. माझा हात माउसवर तसाच. सारिकाने केबल उपटली. उषाताई वडिलांना धरून बाहेर गेल्या.
मंडळाचे अध्यक्ष अमृतनाना जवळ येऊन हळूच म्हणाले, "ललितभाऊ, आते मी तिना बापले काय सांगू?"

१५ डिसेंबर
वेळ कमी होता. शिवाय जुना कोड कोणी लिहिला होता तेही पाहायला हवं.
पाहिलं. मीच.

१७ डिसेंबर. पिंपळनेर.
शाळेत गेलो. थर कसे असतात, चूक कुठे झाली, सगळं सोप्या शब्दांत समजवायची तयारी करून. उषाताई व्हरांड्यात आल्या. म्हणाल्या, "समजावू नका. माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया तिथे होत्या का, तेवढं सांगा."
म्हटलं, बघून कळवतो.
"कुठे बघणार?"
घंटा झाली. त्या वर्गात गेल्या. मी 'सॉरी' म्हणालो, पण तोवर पोरं पाढे म्हणायला लागली होती.

२२ डिसेंबर. जळगाव.
सारिकाने सगळे नियम बाहेर काढले. तिच्या थरात डेटाबेसचं नावसुद्धा नाही. उद्या डेटाबेस पुन्हा बदलला तरी नियम जागेवर राहतील. शेवटची चाचणी मी स्वतः घेतली. अनोळखी माणसाच्या नावाने आत शिरून उषाताईंचं स्थळ शोधलं. दिसलं नाही. आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं. सारिकाला म्हटलं, बघ, नियम लागला.
ती म्हणाली, नियमामुळे नाही, सर. त्यांनी नाव काढून घेतलंय.